पोटातले विरजण

अमरावतीच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूचेही तास घेते. रोज दोन भाषांत ये-जा असली की शब्द शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लागते. मराठीत ‘जंतू’, उर्दूत ‘जरासीम’. सहावीच्या वर्गात ‘जंतू’ शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला, की जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच वाक्य येते: जंतूंमुळे रोग होतात. ‘जंतूंमुळे दही लागते’ असे आजवर एकाही मुलाने लिहिलेले नाही. मुलांचा दोष नाही. साबणाच्या जाहिरातीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळीकडे जंतू म्हणजे मारायची गोष्ट.

आमच्या घरात विरजणाला ‘जामन’ म्हणतात. मराठीने या शब्दावर थोडा अन्यायच केला आहे. आनंदावर विरजण पडले म्हणजे आनंद नासला. पण स्वयंपाकघराला विचारा. दूध नुसते ठेवले तर नासते, चमचाभर विरजण लावले तर टिकते आणि पचायलाही हलके होते. चांगले जंतू आधी जागा धरतात, आंबटपणा वाढवतात आणि नासवणाऱ्या जंतूंना वाव राहत नाही. आपल्या आतड्यातही बरेचसे असेच चालते. हे मला पुस्तकातून कळले नाही, अब्बूंच्या आजारातून कळले.

माझे माहेर अकोल्याचे. अब्बूंनी आयुष्यभर एका जिनिंग प्रेसमध्ये हिशेब लिहिले. २०२३ च्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. घराजवळच्या एका दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आल्या. उतार पडला नाही म्हणून दुसऱ्या, जास्त ‘पावर’च्या आल्या. शेवटी श्वास लागू लागला तेव्हा भावाने त्यांना एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. न्यूमोनिया निघाला. सात दिवस सलाईनमधून प्रतिजैविके दिली आणि अब्बू वाचले. ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण पुढचे वाचून कोणी औषधाला घाबरू नये. ती इंजेक्शने नसती तर आज मी हा लेख वेगळ्या काळात, वेगळ्या मनाने लिहिला असता.

घरी आल्यावर दोनेक आठवड्यांनी त्यांना जुलाब सुरू झाले. दिवसातून दहा-बारा वेळा. खाण्यातून काही बाधले असेल असे सगळ्यांना वाटले. मेडिकलवाल्याने जुलाब थांबवायची गोळी दिली, तिने पोट फुगले आणि ताप आला. मग भाऊ त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक कोणकोणते झाले?’ भावाने जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या पुढे केल्या. डॉक्टरांनी त्या वाचल्या आणि शौचाची तपासणी लिहून दिली. निदान झाले क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल नावाच्या जंतूचे.

रमजान २४ मार्चला सुरू झाला. अब्बूंना रोजे ठेवता येणार नव्हते. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे त्यांनी दुसऱ्यांना कितीदा तरी समजावून सांगितले होते. स्वतःची वेळ आली तेव्हा ते तीन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. त्याहून अवघड होती तरावीह. वजू केला की टिकत नव्हता. मशिदीच्या सफेत उभे राहायचे आणि अर्ध्या नमाजमधून धावत बाहेर यायचे, या धास्तीने त्यांनी मशिदीत जाणेच सोडले. इमाम साहेब घरी येऊन म्हणाले, ‘चाचा, आप माजूर हैं. एक वक्त के लिए एक वजू काफी है.’ वजू टिकत नाही अशा आजाऱ्याला शरियतने दिलेली ही सवलत. तरी अब्बू घरातच, मोरीजवळच्या खोलीत मुसल्ला टाकून बसायचे. त्यांची अब्रू, इबादत आणि झोप अशा तिन्ही गोष्टी एका न दिसणाऱ्या जंतूने हिरावून घेतल्या होत्या.

मी शनिवारी शाळा सुटली की बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायचे. डॉक्टरांना विचारलेले आणि नंतर मिळेल तिथून वाचलेले असे जे समजले, ते इथे सोप्या भाषेत मांडते.

आपल्या शरीरात जंतू किती? २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन मायलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने हिशेब केला. सत्तर किलो वजनाच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यातले बहुतेक जंतू मोठ्या आतड्यात राहतात. सगळ्यांचे मिळून वजन साधारण २०० ग्रॅम, म्हणजे पावशेरही नाही. पण काम मोठे. भाकरी, डाळ, भाजी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जंतू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. काही जंतू के जीवनसत्त्व तयार करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते जागा अडवून बसतात.

बडनेरा स्टेशनवर जनरल डबा भरून आला की फलाटावरच्या माणसाला आत शिरता येत नाही. आतड्याचेही तसेच आहे. सगळ्या बाकांवर जुने प्रवासी असले तर उपद्रवी जंतूला टेकायला जागा मिळत नाही, खायलाही मिळत नाही. शिवाय काही रहिवासी जंतू पित्तातल्या आम्लांचे रूप बदलतात आणि ते बदललेले रूप डिफिसाइलला वाढू देत नाही. प्रतिजैविक आले की त्याला रोगाचा जंतू आणि रहिवासी जंतू यांतला फरक कळत नाही. डबा रिकामा होतो. डिफिसाइल मात्र बीजाणू करून, टणक कवचात, औषध संपेपर्यंत दबा धरून राहतो आणि मग मोकळ्या डब्यात हातपाय पसरतो. तो जे विष सोडतो त्याने आतड्याला सूज येते. म्हणूनच अशा वेळी जुलाब दाबून धरायची गोळी स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे असते.

गंमत अशी, की यावरचा उपायही प्रतिजैविकच. अब्बूंना व्हॅन्कोमायसिन दिले, दहा दिवस, दिवसातून चार वेळा. बाटली इंजेक्शनची, पण औषध पाण्यात कालवून पाजायचे. हे औषध आतड्यातून रक्तात फारसे जात नाही, म्हणून प्यायले की नेमके जिथे हवे तिथेच काम करते. अम्मी ते सरबतात मिसळून द्यायची. इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्यांचा रूहअफजा लाल आणि अब्बूंच्या पेल्यात औषध.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. हाताला लावायच्या सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्यात हात चोळून धुवायचे आणि संडास ब्लीचने साफ करायचा. कोरोनानंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या, त्यामुळे हे मुद्दाम लिहिते आहे.

प्रतिजैविकांबद्दल राग धरणे कृतघ्नपणाचे ठरेल. माझी दादी ‘मियादी बुखार’ची नावे घेत माणसे मोजायची. मराठीत त्यालाच मुदतीचा ताप म्हणत. ताप आपली मुदत पुरी करणार आणि त्यात माणूस टिकला तर टिकला, असा त्याचा अर्थ. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले. स्वातंत्र्यानंतर ते आपल्याकडेच बनावे म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. तिथल्याच संशोधकांनी शोधलेल्या बुरशीनाशक औषधाला कंपनीच्या नावावरून ‘हॅमायसिन’ असे नाव मिळाले. ही औषधे मुळात येतात कुठून? पेनिसिलिन बुरशीकडून, क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूकडून, आणि अब्बूंचे व्हॅन्कोमायसिनही बोर्निओच्या मातीत मिळालेल्या एका जंतूकडून. म्हणजे जंतूंनी एकमेकांशी झुंजायला तयार केलेली हत्यारेच आपण उसनी घेतली आहेत.

आता मुख्य प्रश्न. एकदा उठलेली ही वस्ती परत बसते का?

बसते, पण सावकाश, आणि नेहमीच पूर्ण बसते असे नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन जबर प्रतिजैविके देऊन सहा महिने त्यांच्या आतड्याकडे लक्ष ठेवले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड महिन्यात बहुतेक जंतू परतले होते. पण सुरुवातीला सगळ्यांच्या पोटात असलेल्या नऊ जाती १८० दिवसांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. हे तरुण, धडधाकट लोक होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला किती वेळ लागेल, याचा अंदाज आपणच करावा.

मग लोक म्हणतात, बाहेरून चांगले जंतू पोटात सोडा. मेडिकलमध्ये त्याच्या कॅप्सूल, पुड्या, छोट्या बाटल्या भरपूर मिळतात. त्यांचा उपयोग नाही असे नाही. प्रतिजैविकांमुळे होणारे साधे जुलाब त्यांनी कमी होतात, असे पुष्कळ चाचण्यांत दिसले आहे. आणि ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने केलेली चाचणी तर थक्क करणारी आहे. ४,५५६ नवजात बाळांच्या या चाचणीत काहींना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जंतू आणि त्याचे खाद्य असलेली एक शर्करा पाजली. ज्या बाळांना हे मिळाले नाही त्यांच्यात जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते, ज्यांना मिळाले त्यांच्यात ५.४ टक्के. आमच्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात बाळे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्याला या आकड्यांची किंमत सांगावी लागत नाही.

पण प्रत्येक जंतू प्रत्येक कामाचा नसतो. २०१८ मध्येच वाइझमन संस्थेने दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रतिजैविके दिल्यानंतर काही निरोगी लोकांना तसेच सोडले, काहींना अकरा जातींच्या जंतूंचे मिश्रण दिले, तर काहींना औषध सुरू करण्यापूर्वीचे त्यांचेच स्वतःचे जंतू परत दिले. स्वतःचे जंतू मिळालेले लोक काही दिवसांतच पूर्वपदावर आले. आणि ज्यांना मिश्रण दिले, त्यांची मूळ वस्ती परतायला काही न देता सोडलेल्यांपेक्षाही जास्त वेळ लागला. पाहुण्यांनी जागा धरल्यामुळे घरच्यांना उशीर झाला, असेच म्हणायचे. त्यामुळे पुडी घ्यायची की नाही, कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे. शेजारणीने सांगितले म्हणून घेऊ नये.

‘स्वतःचे जंतू परत दिले’ म्हणजे काय, हेही सांगायला हवे. आजार पुन्हा पुन्हा उलटला तर निरोगी माणसाच्या शौचातले जंतू प्रक्रिया करून रुग्णाच्या आतड्यात सोडतात. चौथ्या शतकातल्या चीनमध्ये गे होंग नावाच्या वैद्याने असा उपाय लिहून ठेवला होता. २०१३ च्या डच चाचणीत, वारंवार डिफिसाइल होणाऱ्या सोळापैकी तेरा रुग्ण पहिल्याच वेळी या उपायाने बरे झाले, तर नुसत्या व्हॅन्कोमायसिनने तेरापैकी चारच. आपल्या देशात लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात आतड्याच्या सुजेवर हा उपचार केला गेला आहे.

डॉक्टरांनी हे पुढची एक शक्यता म्हणून सांगितले तेव्हा अब्बूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसाने आयुष्यभर कपड्यावर एक शिंतोडा उडाला तरी कपडे बदलले, त्याला हा इलाज! अम्मीने तोंडावर पदर घेतला. अब्बू बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘जरूरत में हराम की भी इजाजत होती है. मगर पहले जरूरत तो साबित हो.’ निकडीच्या वेळी निषिद्ध गोष्टीला मुभा मिळते, हा फिकहचा जुना नियम त्यांना पाठ होता, आणि त्या नियमाचे दुसरे टोकही. डॉक्टर हसले. त्यांचेही म्हणणे तेच होते: आधी साधे उपाय. ती वेळ आली नाही.

साधे उपाय म्हणजे काय? सुरुवातीला मीठ-साखरेचे पाणी, मऊ भात, मुगाचे वरण. मग ताजे दही, थोडे थोडे. पोट सावरल्यावर ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, भाज्या. दह्यातले जंतू पोटात कायमचे घर करत नाहीत, ते वाटसरू असतात. तरी आंबवलेल्या अन्नाचा फायदा दिसतो. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ लोकांवर केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवडे दही आणि इतर आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंचे वैविध्य वाढले आणि सुजेची लक्षणे कमी झाली. नुसता चोथा वाढवलेल्यांत तेवढ्या अवधीत वैविध्य वाढले नाही. म्हणजे धीर धरावा लागतो आणि जेवणात दोन्ही लागते.

आपल्या मातीतले संशोधनही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छपराखाली तीन पिढ्या राहणारी दोन एकत्र कुटुंबे घेऊन त्यांनी वयाबरोबर आतड्यातले जंतू कसे बदलतात हे पाहिले. भोपाळच्या आयसर संस्थेने ११० निरोगी भारतीयांचा अभ्यास केला. त्यात मध्य भारतातल्या, डाळ-धान्य जास्त खाणाऱ्या लोकांच्या पोटात प्रिव्होटेला हा चोथा पचवणारा जंतू भरपूर आढळला. पाश्चात्त्य देशांतल्या पोटांपेक्षा आपली पोटे वेगळी आहेत, ती आपल्या जेवणाने घडवलेली आहेत. हे वाचताना वाटले, आमच्या वऱ्हाडात शेतातून ज्वारी हटली आणि सोयाबीन आले, ताटातून भाकर हटली आणि मैद्याची बिस्किटे, पाव आले. हा बदल पोटातल्या वस्तीलाही जाणवला असणारच.

आता आपल्या मोहल्ल्याबद्दल. मेडिकलवर जाऊन ‘सर्दीची हाय पावर गोळी द्या’ म्हणायचे, दोन दिवसांच्या चार गोळ्या घ्यायच्या, बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी खालाला द्यायच्या. हे सगळीकडे चालते, फक्त मुस्लिम वस्तीतच नाही. यामागे अज्ञान आहे तसा नाइलाजही आहे. हातगाडी लावणारा, हमाली करणारा माणूस एक दिवस घरी बसला तर त्या दिवशीची चूल अडते. त्याला तिसऱ्या दिवशी आपोआप उतरणारा ताप परवडत नाही, आज उतरलेला ताप हवा असतो. डॉक्टरची फी आणि तपासणीचा खर्च वाचवायला तो मेडिकलवर जातो. त्याला उपदेश करणे सोपे आहे.

तरी काही गोष्टी माहीत असाव्यात. साधी सर्दी, बहुतेक घसादुखी, फ्लू हे विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. तिथे फक्त पोटातली वस्ती उठते. १ मार्च २०१४ पासून ‘एच १’ ही अनुसूची लागू आहे. तिच्यातली जबर प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंदवही तीन वर्षे ठेवावी लागते. पाकिटावरची उभी लाल रेघ हीच खूण आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले औषध मधेच बंद करू नका, विशेषतः क्षयरोगाचे. पोटाच्या काळजीने टीबीच्या गोळ्या सोडणे म्हणजे घर वाचवायला गाव जाळणे. रमजानमध्ये औषधाच्या वेळा सांभाळायच्या असतील तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पुष्कळ औषधांच्या वेळा सेहरी-इफ्तारला बसवता येतात. नसतील बसत, तर आजाऱ्याला सूट आहेच.

अब्बूंचे जुलाब ईदच्या आधी थांबले. ताकद यायला मात्र पावसाळा लागला. २९ जूनच्या बकरी ईदला त्यांनी गोश्त दोन घास खाल्ले आणि वाटीभर दही संपवले. त्या वर्षीच्या रोज्यांची कजा त्यांनी हिवाळ्यात, दिवस लहान असताना, एकेक करून पूर्ण केली. पोट आता ठीक आहे. पूर्वीसारखे आहे का, असे विचारले तर म्हणतात, ‘पूर्वीचे काय पूर्वीसारखे राहते?’

त्या पोटाच्या डॉक्टरांनी निघताना भावाला एक प्रश्न शिकवला होता, तो आमच्या घरात आता सगळे विचारतात. आपणही विचारावा. कोणीही प्रतिजैविक लिहून दिले की अदबीने म्हणायचे, ‘डॉक्टर साहेब, हे दोन दिवस घेतले नाही तर काय होईल?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. कधी तो म्हणतो, ‘जिवावर बेतेल, आजच सुरू करा.’ मग बिस्मिल्लाह म्हणून पूर्ण कोर्स घ्यावा. आणि कधी तो थोडा थांबतो, चिठ्ठीवरची एक ओळ खोडतो आणि म्हणतो, ‘दोन दिवस बघू.’